मंदा रणपिसे यांच्याविषयी गोपनीय

चंदनने पाकीट फाडलं तेव्हा मंदा रणपिसे त्याच्या झेरॉक्सच्या दुकानाबाहेर एका पायावर उभी राहून दुसऱ्या चपलेत शिरलेला खडा काढत होती. केबिन रोडवर शनिवारी सकाळी अकरा वाजता दोन्ही पायांवर धड उभं राहायला जागा मिळाली तर नशीब. मागून हॉर्न, पुढे कणसांची गाडी, खांद्याला कोणाच्या तरी पिशवीतली शेवग्याची शेंग. तेवढ्यात आतून चंदनने विचारलं, “आंटी, अंदरवाला भी दो-दो कॉपी ना?” आणि तिने खड्याच्या नादात “हां हां, सब का,” म्हणून टाकलं. खडा निघाला, चप्पल घातली, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला की आतलं म्हणजे कुठलं. ती काउंटरकडे झेपावली तोवर पाकिटाची आखूड बाजू ब्लेडने सरळ कापली गेली होती, आणि आतला कागद मशीनच्या काचेवर पालथा पडून खालून उजळला होता, आणि त्याची पहिली कॉपी बाहेर येऊन तिच्यासमोर पडली होती. पाकिटाच्या झाकणावर चर्चच्या मंडळीचा गोल शिक्का आडवा मारलेला होता, अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर. तो जसाच्या तसा शाबूत होता. शिक्का शाबूत आणि पाकीट उघडं.

वाचायचं नाही, असं ठरवायला माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तिच्या चार ओळी वाचून झाल्या होत्या. बावीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क असलेल्या बाईचे डोळे ते. टेबलापलीकडचा उलटा कागदही त्यांना सरळ दिसतो. शिवाय कागदावर तिचंच नाव होतं, ठळक, अधोरेखित. सौ. मंदा आत्माराम रणपिसे यांच्याविषयी, गोपनीय. या आमच्या मंडळीच्या सभासद असून उपासनेस नियमित हजर असतात. महिला व बालकार्यासाठी योग्य. तथापि. या ‘तथापि’पाशी तिला क्षणभर हसूच आलं, कारण तिने स्वतः हजारो मुलांच्या दाखल्यांवर ‘वर्तणूक चांगली’ टाइप केलं होतं, त्यात बाकं फोडणारे होते, मास्तरांच्या स्कूटरची हवा सोडणारे होते, पण कोणाच्या दाखल्यावर तिने कधी ‘तथापि’ लिहिलं नव्हतं. तथापि महामारीच्या काळात पाळकांच्या परवानगीविना त्यांनी अंत्यविधी चालवला. स्वभाव हट्टी. अधिकार मानण्याची वृत्ती कमी. पाळकीय सेवेच्या पदवीसाठी शिफारस करता येत नाही. महिलांसाठीचा सर्टिफिकेट कोर्स सुचवावासा वाटतो. खाली सही. रेव्हरंड अनिश भिंगारदिवे. हेच पाकीट गेल्या रविवारी उपासनेनंतर तिच्या हातात देताना पास्टरनी आपला दुसरा हात वरून ठेवला होता आणि म्हणाले होते, “ताई, प्रार्थनापूर्वक लिहिलंय.”

चंदनचा चेहरा पडला होता. “सॉरी आंटी, आपने ही बोला सब का. एक काम करता हूँ, फेविकॉल लगा देता हूँ. किसी को मालूम भी नहीं पड़ेगा.” आणि खरंच, त्याने डबीत बोट बुडवलंसुद्धा. तसं बघितलं तर मार्ग सोपा होता. तिला जिथे शिकायचं होतं त्या धर्मशास्त्र महाविद्यालयाच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, शिफारसपत्र बंद पाकिटात असावं, उघड्या पाकिटाचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही. आणि अर्ज सोमवारपर्यंत पुण्याला पोचायलाच हवा होता. चिकटवायचं आणि पाठवायचं. आपल्याच हाताने, आपल्याच खर्चाने, आपल्याला नकार मिळेल असं पत्र वाहून न्यायचं. म्हणजे शेळी जिवानिशी जाते ती जाते, वर खाणाऱ्याच्या ताटात स्वतःला नीट वाढून ठेवते. “रहने दे,” ती म्हणाली. चंदनच्या बोटावरचा गोंद वाळून पांढरा झाला. तिने कागद, कापलेलं पाकीट आणि दोन-दोन कॉपी पिशवीत घातल्या आणि पुलाकडे चालू लागली. रागाने तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. तिच्या वडिलांचंही तसंच व्हायचं.

पास्टर डोंगरीला होते. तरुण संघाचं तीन दिवसांचं शिबिर तिकडे लावलं होतं, आणि त्यांच्या पत्नी, पाळकीणबाई, याही सोबत गेल्या होत्या. पूल ओलांडून स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मंदाने डोंगरीची बस धरली, खिडकीशी बसली आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. एकोणपन्नासाव्या वर्षी मास्टर ऑफ डिव्हिनिटी. आत्मारामला तिने सांगितलं तेव्हा तो कारखान्यातून येऊन हात धूत होता. स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात तो फोरमन, त्याच्या नखांतलं काळं कधी जात नाही. तो बराच वेळ हात धूत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे तू पाळक होणार. मग मला काय म्हणणार लोक, पाळकीणबाई?” आणि स्वतःच इतका हसला की साबण बेसिनमधून खाली पडला. मग जेवताना म्हणाला, “तीन वर्षं हॉस्टेलला राहणार. भाजी मला येते. पोळ्या विकत आणीन.” एवढीच त्याची संमती. मंडळीतल्या बायका मात्र हळहळल्या. अगं, या वयात ग्रीक शिकणार तू? हिब्रू? आणि शिकून करणार काय? चर्चच्या घटनेत बायकांना पाळकपदाची दीक्षा देता येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घटना कपाटात होती आणि कपाटाची किल्ली वडील मंडळींकडे. तिलाही ते ठाऊक होतं. ती काही भोळी नव्हती.

तरीही कशाला? अर्जात एक कोरं पान होतं, वर छापलेलं होतं, ‘आपल्या पाचारणाविषयी लिहा.’ म्हणजे देवाने सेवेला कसं बोलावलं ते. इतरांना म्हणे रात्री आवाज ऐकू येतो, उजेड दिसतो, एखादं वचन पानातून उठून डोळ्यांसमोर येतं. तिला काही दिसलं नव्हतं. तिचं पाचारण झालं ते घशातून. बसने मुर्धा मागे टाकलं, मिठागरांवरची हवा खारट आणि जड होऊन आत आली आणि तिचा घसा पुन्हा तसाच कोरडा पडला, पाच वर्षांपूर्वीसारखा. विमलाबाई गेल्या होत्या. एकाहत्तरच्या, एकट्या, मुलगा मस्कतला, विमानं बंद. महिला मंडळात पेटी वाजवणाऱ्या, भसाड्या आवाजाच्या, गाणं संपलं तरी एक ओळ जास्त गाणाऱ्या विमलाबाई एका निळ्या प्लॅस्टिकमध्ये होत्या आणि महापालिकेच्या माणसांनी सांगितलं होतं, दहा मिनिटं, त्याच्या वर एक मिनिट नाही. पास्टर तापाने घरात बंद होते. मंडळीच्या पंचांपैकी दोघांचे फोन वाजून वाजून थांबले. मग पास्टरांचाच फोन आला, आवाज ओळखू न येण्यासारखा, दर दोन शब्दांनी खोकला. “ताई, माणूस मिळत नाहीये. तुम्ही जा. तुम्हीच म्हणा. शब्द येतात ना तुम्हाला?” येत होते. लहानपणी वडिलांबरोबर इतक्या मातींना, दफनांना, उभी राहिली होती की विधीचं पुस्तक न उघडता येत होते. तो पांढरा पोशाख चढवला, मास्कवर मास्क, चष्म्यावर धुकं, आणि खड्ड्याच्या कडेला उभी राहून तिने सुरुवात केली, पण आवाज निघेना. ओठ हलत होते, एवढंच. तेव्हा खड्ड्यात उतरलेल्या कामगाराने वर बघून सांगितलं, “मावशी, जोरात म्हणा. त्यांना ऐकू गेलं पाहिजे.” त्यांना म्हणजे व्हिडिओ कॉलवर दिसणाऱ्या मस्कतच्या मुलाला की विमलाबाईंना, हे तिने विचारलं नाही. तिने जोरात म्हटलं. मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ. आणि तिच्या घशातून निघालेला आवाज तिचा नव्हता असं ती म्हणणार नाही. तो तिचाच होता, फक्त तोवर कोणी मागितला नव्हता. कामगार हात जोडून उभे राहिले. दहाची चौदा मिनिटं झाली आणि कोणी घड्याळ बघितलं नाही.

हे सगळं तिने त्या कोऱ्या पानावर लिहिलं होतं. एक गोष्ट सोडून. आणि ती एक गोष्टच आता बसच्या खिडकीत बसून तिला टोचत होती, कारण राग पास्टरांवर होता तेवढाच स्वतःवर होता. त्या वर्षी चर्च पुन्हा उघडल्यावर पंचमंडळीची सभा बसली. आत्मारामला वाटलं होतं शाल-बिल देतील. शाल कसली, फोन न उचललेल्या दोघांपैकी एकाने घसा खाकरून विचारलं, अंत्यविधी सभासद बाईने चालवला, हे कोणाच्या परवानगीने? सगळ्यांनी पास्टरांकडे बघितलं. पास्टर नुकते आजारातून उठलेले, गालफडं बसलेली, मंडळीत येऊन वर्ष झालेलं. त्यांनी टेबलाकडे बघितलं. तिला त्यांची दया आली. एवढंसं पोर, आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, पहिलीच मोठी मंडळी. आणि ती म्हणाली, “मी स्वतःहून केलं.” झाकली मूठ राहिली त्यांची. सभेच्या वहीत तसंच लिहिलं गेलं. त्या दिवशी बाहेर पडताना पास्टर तिला म्हणाले, “ताई, देव बघतोय,” आणि तिला वाटलं, यात सगळं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्याला वाचवायला खोटं बोलली, त्याने ते खोटं जपून ठेवलं आणि पाच वर्षांनी शिक्का मारून तिच्याच हातात दिलं.

मोरव्याला बरीच माणसं चढली. गाडी गच्च झाली, कोणाच्या टोपलीचा ओला काठ तिच्या गुडघ्याला लागला. तिला एकदा वाटलं, परत फिरावं. हा सर्टिफिकेट कोर्स काय वाईट आहे? सहा महिने, घरून पोस्टाने. मुलांना गोष्टी सांगायच्या, आजारी बायकांना फळं न्यायची, हेच तर करत आलो. पण मग पुढच्या वेळी? पुढच्या वेळी माणूस मिळाला नाही की ‘तुम्ही जा ताई’, आणि माणूस मिळाला की ‘कोणाच्या परवानगीने?’ नाही. हे आता चालणार नाही. तिला ग्रीक हवं होतं. तिला ते जाड इंग्रजी ग्रंथ हवे होते, परीक्षेतला घाम हवा होता, आणि तीन वर्षांनी कोणी विचारलं तर पुढे ठेवायला कागद हवा होता. शेजारची टोपलीवाली म्हातारी तिच्याकडे बघत होती. “बाय, उतरायचं न्हाय का?” ती म्हणाली. “डोंगरी हाय ही.” मंदा घाईने उठली.

शिबिराच्या जागेच्या ओसरीवर पास्टर अनिश एकटेच टेबलाशी बसून संध्याकाळच्या संदेशाच्या, म्हणजे प्रवचनाच्या, नोट्स काढत होते. मागच्या हॉलमध्ये मुलं गिटारवर गाणं बसवत होती, पुन्हा पुन्हा तेच कडवं. मंदाला बघून ते उठले, हसले, आणि मग तिने टेबलावर ठेवलेलं कापलेलं पाकीट त्यांना दिसलं.

“हे उघडलंय.”

“झेरॉक्सवाल्याने चुकून कापलं. पण वाचलं मी. चुकून नाही.”

ते बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. “ताई, गोपनीय पत्र उमेदवाराने वाचायचं नसतं.”

“आणि पाळकाने खोटं लिहायचं नसतं.”

“मी वहीत जे आहे तेच लिहिलंय. तुम्ही स्वतः सभेत सांगितलंत. तुम्ही तुमच्या अर्जात त्या मातीबद्दल लिहिणार, हे मला माहीत होतं. उद्या कॉलेजने पंचमंडळीला विचारलं तर? वहीत एक, माझ्या पत्रात दुसरं, मग मी काय सांगू?”

“फोन कोणी केला होता, ते सांगा.”

आतून स्वाती, त्यांची बायको, कोकम सरबताचे दोन ग्लास घेऊन आली. “मंदाताई! एवढ्या उन्हातून?” ती म्हणाली, दोघांचे चेहरे बघितले आणि ग्लास ठेवून दाराशीच थांबली. कुठला फोन, हे तिला ठाऊक नसावं. ती त्या दिवसांत माहेरी अडकली होती.

पास्टरनी आवाज खाली आणला. “हे बघा, मला तुमचं वाईट करायचं नाहीये. ते वाक्य काढतो. हट्टी वगैरेही काढतो. लेटरहेड आहे बॅगेत, शिक्का आहे. पूर्ण शिफारस देतो, आत्ता, चांगली. तुमचा अर्ज आजच्या आज जाईल. झालं?”

झालं. खरंच झालं असतं. मंदाने ग्लास उचलला, एक घोट घेतला, आणि त्या आंबट घोटाबरोबर तिला हॉस्टेलची खोली दिसली, खिडकी, टेबल, वही. एवढ्यासाठी तर आली होती. फक्त एक वाक्य जाणार होतं. पण ते वाक्य गेलं की विमलाबाईंना माती दिली कोणी? वहीत ती अपराधी राहणार आणि पत्रात ती गोष्ट घडलेलीच नसणार, आणि ती मात्र पुण्याला बसून सत्य म्हणजे काय यावर निबंध लिहिणार.

“नको,” ती म्हणाली. “ते वाक्य राहू दे. ‘परवानगीविना’ खोडा आणि ‘माझ्या सांगण्यावरून’ लिहा. ‘हट्टी’ राहू दे. ते खरं आहे.”

“ताई, ते लिहिलं की ते लोक मला विचारणार, पाच वर्षं गप्प का होतात. माझ्या बदलीचं चाललंय. समजून घ्या.”

“मागच्या वेळी समजून घेतलं.”

हॉलमधलं गाणं थांबलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. पास्टर उभे राहिले. “आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू या,” ते म्हणाले. मंदाला हे वाक्य चांगलं ओळखीचं होतं. सरकारी ऑफिसात ‘विचाराधीन’ म्हणतात, मंडळीत ‘प्रार्थनेत ठेवू या’. छपराच्या गळतीपासून बायकांच्या दीक्षेपर्यंत सगळे विषय तिकडेच ठेवलेले होते. पाळक उठतात, डोळे मिटतात, दोन मिनिटं बोलतात, आमेन होतं आणि माणसं चपला शोधू लागतात. प्रार्थना चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही. तिच्या वडिलांनी तर छप्पर पेटलं तरी आमेनपर्यंत थांबायला शिकवलं होतं.

“चला, प्रार्थना करू,” पास्टर म्हणाले आणि त्यांनी डोकं खाली घातलं.

“मी करते,” मंदा म्हणाली.

त्यांनी वर बघितलं. पण स्वातीने दाराशी पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले होते. त्यांनीही मिटले.

“हे स्वर्गीय पित्या,” मंदाने सुरुवात केली, आणि घसा कोरडा पडेल अशी तिला भीती होती, तो पडला नाही. “आज मी तुझ्यापुढे पाप कबूल करायला उभी आहे. तुझी सेविका विमला हिला आम्ही माती दिली, तेव्हा मी तिथे होते. तुझ्या सेवकाने, अनिशने, तापात असताना मला फोन करून सांगितलं, ताई तुम्ही जा, तुम्हीच म्हणा. त्याने चांगलं केलं, प्रभू. आजारात त्याला त्या बाईची आठवण राहिली. ते त्याचं पुण्य होतं आणि मी ते लपवलं. सभेत मी खोटं बोलले, की मी स्वतःहून केलं. मला वाटलं मी दया करते. मी त्याचं चांगलं काम चोरून त्याला भीती दिली. त्याबद्दल मला क्षमा कर. येत्या सभेत मी उभी राहून हे सांगणार आहे, मला तेव्हा जोरात बोलायला लाव. आणि तुझा सेवकही हे सांगू इच्छितो, त्याला बळ दे. येशूच्या नावाने मागते.”

ती थांबली. आमेन तिने म्हटलं नाही. ते दुसऱ्यांनी म्हणायचं होतं. आपण प्रार्थनेचं हत्यार केलं, हे तिला कळत होतं, आणि तिला लाज वाटत नव्हती, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

“आमेन,” दारातून स्वाती म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने. तिचे डोळे उघडे होते आणि ती नवऱ्याकडे बघत होती.

पास्टरांचे डोळे मिटलेलेच होते. हॉलमध्ये कडवं संपलं, मुलं कशावरून तरी हसली. मंदा तशीच उभी राहिली. एवढी पाच वर्षं गेली, आणखी पाच मिनिटं गेली तर काय, बस होत्याच.  पास्टर पुन्हा त्या सभेतल्याइतकेच लहान दिसत होते, गालफडं बसलेले, पण या वेळी तिने त्यांच्यासाठी तोंड उघडलं नाही.

“आमेन,” ते म्हणाले.

मंदाने पर्समधून पेन काढलं, टोपण काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. “आता हेच लिहा, पास्टर.”

त्यांनी बॅगेतून कोरं लेटरहेड काढलं. वर तिचं नाव लिहिलं, अधोरेखित केलं. दोन ओळी सरळ गेल्या, मग हात थांबला. “ताई,” त्यांनी मान वर न करता विचारलं, “तारीख कुठली होती?”

“एकोणीस एप्रिल,” मंदा म्हणाली. “दुपारी सव्वातीन. तुमचा फोन पावणेतीनला आला होता. तोही लिहा.”